कॉफीचं दळण: कोणत्या भांड्याला किती बारीक?

एकाच पाकिटातली पूड फिल्टरमध्ये छान उतरते, मोका पॉटमध्ये (गॅसवर ठेवून पाणी पुडीतून वर चढवणारं भांडं) जळकट लागते आणि फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीचा दट्ट्या असलेलं भांडं) गाळ होऊन शेवटच्या घोटाला दातांत कचकचते. बिया त्याच, भाजणी तीच, पाणीही त्याच नळाचं. फरक पडतो तो दळणाने. घरात महागड्या बिया येतात, नाजूक तोटीची किटली येते, थर्मामीटर येतो आणि दळणाकडे मात्र कोणी बघत नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी दळण हातात येऊ दे, मग बाकीची खरेदी.

प्रत्येक भांड्यापुढे मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे) आकडे दिलेले तक्ते सगळीकडे मिळतात. ते चुकीचे नसतात, पण ओट्यावर मायक्रॉन मोजणार कोण? त्यापेक्षा दोनच प्रश्न विचारायचे. पाणी पुडीबरोबर किती वेळ राहणार आहे? आणि शेवटी ते कशातून गाळलं जाणार आहे: कागद, कापड, जाळी, की कशातूनच नाही? वेळ कमी असेल तर दळण बारीक, वेळ जास्त असेल तर भरड. गाळणी सैल असेल तर आणखी थोडं भरड. नवं भांडं घरात आलं तरी याच दोन प्रश्नांवरून अंदाज बांधता येतो.

बारीक केल्यावर नेमकं काय होतं

एक मिलिमीटर बाजूचा कॉफीचा ठोकळा डोळ्यांपुढे आणा. त्याचे अर्ध्या मिलिमीटरचे आठ तुकडे केले की पाण्याला मिळणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. पाव मिलिमीटरचे चौसष्ट केले की चौपट. वजन तेवढंच, पण पाण्याला शिरायला चौपट जागा. म्हणून बारीक पूड झपाट्याने उतरते आणि भरड पूड सावकाश.

भाजलेल्या बीमध्ये पाण्यात विरघळण्यासारखं असतं ते वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत. ते सगळंच काढायचं नसतं. १९५०च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने यावर काम केलं. तेव्हापासून १८ ते २२ टक्के उतारा, म्हणजे पुडीच्या वजनापैकी तेवढा भाग पाण्यात उतरणं, हा चवीचा पट्टा मानला जातो. त्याच्या अलीकडे थांबलात तर कप आंबट, पाणचट, थोडा खारट लागतो आणि चव तोंडात टिकत नाही. पलीकडे गेलात तर कडवट, तुरट लागतो आणि जीभ कोरडी पडते.

आता तक्त्यांत न सापडणारी गोष्ट. भांड्यांच्या दोन जाती आहेत. फ्रेंच प्रेस, कोल्ड ब्रू (थंड पाण्यात तासन्‌तास भिजवलेली कॉफी), उकळलेली कॉफी यांत पूड पाण्यात नुसती भिजत राहते आणि किती वेळ ठेवायची ते आपण ठरवतो. दाक्षिणात्य फिल्टर, व्ही६० (कागदी गाळणीचा शंकू), मोका पॉट, एस्प्रेसो यांत पाणी पुडीतून झिरपतं आणि किती वेळ लागेल ते पूड ठरवते. तिथे दळण बारीक केलं की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात: उतारा वेगाने होतो आणि पाणीही जास्त वेळ अडून राहतं. म्हणून झिरपणारी भांडी दळणाला फार नखरेल असतात, भिजवणारी पुष्कळ सांभाळून घेतात. नवशिक्याने फ्रेंच प्रेसपासून सुरुवात करावी, असं मी सांगतो ते यासाठी.

आणखी एक घोळ इथेच मिटवू. कॉफी पातळ लागली की बरेच जण दळण बारीक करतात. पातळ लागण्याचं कारण बहुतेक वेळा कमी पूड हे असतं. दाटपणा हवा असेल तर पुडीचं वजन वाढवा, चवीचा तोल बदलायचा असेल तर दळण बदला.

बोटांत ओळखायचं माप

परदेशी तक्त्यांत ‘साखरेइतकं’, ‘समुद्री मिठाइतकं’ असं लिहिलेलं असतं. आपल्या किराणा दुकानातली साखर बहुधा त्यांच्या साखरेपेक्षा जाड असते, त्यामुळे तिथेच गफलत होते. मी रव्याच्या डब्यांवरून माप धरतो. मैद्यासारखं, बोटांना कण लागूच नये असं, ते तुर्की कॉफीचं. पिठीसाखरेपेक्षा किंचित रवाळ, ते एस्प्रेसोचं. बारीक मीठ, म्हणजे मोका पॉट. बारीक मीठ ते अगदी बारीक रवा, हा दाक्षिणात्य फिल्टरचा टापू. बारीक रव्याच्या आसपास एरोप्रेस, म्हणजे दट्ट्याने कॉफी दाबून काढायची नळी. बारीक रवा आणि उपम्याचा रवा यांच्या मधलं, ते व्ही६०चं. उपम्याचा जाड रवा किंवा त्याहून किंचित बारीक, ते फ्रेंच प्रेसचं, आणि उपम्याच्या रव्याहून जाड, लापशीच्या रव्याकडे झुकणारं, ते कोल्ड ब्रूचं.

पांढऱ्या कागदावर चिमूटभर पूड आणि शेजारी चिमूटभर रवा पसरा, खिडकीच्या उजेडात धरा. मग दोन्ही अंगठा आणि तर्जनीत चोळा. सरासरी आकार लगेच कळेल, पण त्याहून महत्त्वाची गोष्टही दिसेल: कण एकसारखे आहेत की धूळ आणि खडे एकत्र नांदताहेत.

दाक्षिणात्य फिल्टर

स्टीलची दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक छिद्रं, आत दांडीवाली चकती. खाली जमतो तो दाट अर्क म्हणजे डिकॉक्शन. यंत्र इतकं साधं, तरी तक्रारी सर्वात जास्त याच्याच: ‘डिकॉक्शन उतरतच नाही’ किंवा ‘पाणी ओतलं आणि धो धो खाली आलं’.

मध्यम फिल्टरला २० ग्रॅम पूड आणि १२० मिली उकळीचं पाणी धरा. पूड वरच्या भांड्यात घालून ते हलकेच हलवा, म्हणजे थर सपाट होईल. चकती नुसती टेकवायची, दाबायची नाही. आधी दोन-तीन चमचे पाणी घालून अर्धा मिनिट थांबा. पूड फुगते, आतला वायू सोडते. मग उरलेलं पाणी चकतीवर सावकाश ओता आणि झाकण लावा. पूड आपल्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली साधारण ८० मिली डिकॉक्शन मिळेल. ते जमायला पंधरा-वीस मिनिटं लागली तर दळण ठीक. पाच मिनिटांत वरचं भांडं रिकामं झालं तर दळण भरड आहे. तासाभराने उघडलं आणि वर अजून पाणी साचलेलंच असेल तर दळण फार बारीक आहे, किंवा चकती दाबली गेली आहे, किंवा छिद्रं बुजली आहेत. भांडं उजेडाकडे धरून पाहिलं की छिद्रांचं लगेच कळतं. दळणाला दोष देण्याआधी हे एकदा जरूर बघा. बुजली असतील तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भांडं उकळून घ्यायचं.

चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं, गणित वेगळं. चिकोरी पाणी शोषून फुगते आणि झिरपणं मंदावते. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि पाकिटावर प्रमाण छापावंच लागतं. ३० टक्के चिकोरीच्या पुडीची सवय असलेल्या माणसाने तितक्याच बारीक दळलेली शुद्ध कॉफी आणली की डिकॉक्शन भरभर उतरतं आणि ‘शुद्ध कॉफीत दमच नाही’ असा निकाल लागतो. शुद्ध कॉफीला एक पायरी बारीक दळण लावा आणि पूड चार-पाच ग्रॅम वाढवा, मग बोला.

माटुंग्यात बिया समोर दळून देणारी जुनी दुकानं आहेत, इतर मोठ्या शहरांतही सापडतात. तिथे काउंटरवर ‘प्लँटेशन ए की पीबेरी? चिकोरी किती?’ एवढं, म्हणजे बियांची प्रत आणि मिश्रण, विचारतात. भांडं कोणतं, हे आपणच सांगायचं असतं. काही बोललं नाही तर फिल्टरचं दळण मिळणार. ‘दादा, फ्रेंच प्रेससाठी हवीय, अगदी भरड ठेवा, आणि आधीची पूड काढून मग माझ्या बिया टाका,’ असं स्पष्ट सांगा. पूड कागदावर घेऊन बोटांत चोळून बघायलाही लाजू नका. आणि एका वेळी शंभर-दोनशे ग्रॅमच घ्या.

मोका पॉट आणि एस्प्रेसो

मोका पॉट १९३३ साली इटलीत अल्फोन्सो बियालेटीने बाजारात आणला. तो एस्प्रेसो देतो असं सांगितलं जातं आणि त्या भरवशावर लोक त्यात एस्प्रेसोची पूड भरतात. एस्प्रेसो मशीन नऊ बारच्या दाबाने पाणी ढकलतं, मोका पॉटचा दाब त्याच्या आसपासही नसतो. मैद्याजवळची पूड भरली की पाणी वर चढत नाही, खाली तापत राहतं, मग फुरफुरत, जळकी होऊन थोडीशी कॉफी वर येते. सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ निघू लागली तर लगेच गॅस बंद करा, पॉट थंड होऊ द्या आणि पुढच्या वेळी दळण दोन पायऱ्या भरड करा. चिकोरीवाली फिल्टरची पूड तर मोका पॉटमध्ये घालूच नका.

खालच्या भांड्यात व्हॉल्व्हच्या खालपर्यंत गरम पाणी, टोपलीत काठोकाठ पूड, वर बोट फिरवून सपाट, दाबायची नाही. आच मंद. दळण बरोबर असेल तर मधल्या नळीतून तपकिरी धार शांतपणे, सलग येते. ती फिकट पिवळसर झाली आणि घुरघुर सुरू झाली की उतरवा. धार सुरुवातीपासूनच फिकट आणि घाईची असेल तर दळण बारीक करा.

एस्प्रेसोबद्दल थोडक्यात. १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद, ही सुरुवात. १५ सेकंदांत आली तर बारीक करा, ४५ लागले तर भरड. इथे ग्राइंडरच्या एका खुणेने पाच-सात सेकंदांचा फरक पडू शकतो, त्यामुळे मिक्सर किंवा साधा ग्राइंडर चालत नाही. घरगुती स्वस्त मशीनबरोबर तळाला एकच छिद्र असलेली दुहेरी तळाची टोपली येते. ती दाब स्वतः तयार करते आणि दुकानातल्या पुडीवरही फेसाळ कप देते. चांगला ग्राइंडर येईपर्यंत तीच वापरा, कमीपणा मानू नका.

व्ही६० आणि एरोप्रेस

व्ही६०ला १५ ग्रॅम पूड, २५० मिली पाणी. पहिलं ४५ मिली ओतून ४० सेकंद थांबा, उरलेलं दोन-तीन टप्प्यांत गोल फिरवत ओता. पहिल्या थेंबापासून सगळं पाणी उतरेपर्यंत अडीच ते सव्वातीन मिनिटं लागली की ठीक. दोन मिनिटांच्या आत उतरलं तर बारीक करा, चारच्या पुढे गेलं तर भरड. पूड दुप्पट घेतलीत तर थर उंच होतो आणि वेळ वाढतो, म्हणून चौघांसाठी करताना दळण एक-दोन क्लिक (ग्राइंडरच्या खुणा) भरड ठेवायचं.

घड्याळाइतकंच उरलेल्या लगद्याकडे बघा. पाणी उतरल्यावर थर सपाट आणि दाणेदार दिसला तर छान. वर चिखलासारखी गुळगुळीत साय जमली असेल तर दळणात धूळ जास्त आहे. ती धूळ कागदाची छिद्रं बुजवते आणि शेवटचं पाणी रेंगाळतं. अशा वेळी दळण भरड करण्याआधी पाणी कमी उंचीवरून, हलक्या हाताने ओतून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

एरोप्रेस म्हणजे अॅलन अॅडलरची २००५ सालची करामत. त्यात पूड भिजतेही आणि शेवटी दाबून काढलीही जाते. १५ ग्रॅम, २०० मिली, दीड-दोन मिनिटं, मग अर्ध्या मिनिटात सावकाश दाबायचं. दाबायला अंगाचा भार टाकावा लागला तर दळण फार बारीक. एवढी एक खूण पुरे. बाकी हे भांडं बऱ्यापैकी सगळं चालवून घेतं.

फ्रेंच प्रेस, कोल्ड ब्रू आणि आपली उकळलेली

फ्रेंच प्रेसला ३० ग्रॅम पूड, अर्धा लिटर पाणी, चार मिनिटं. मग वरचा थर चमच्याने मोडा, फेस काढून टाका आणि आणखी चार-पाच मिनिटं गाळ तळाशी बसू द्या. ‘जितकं भरड तितकं चांगलं’ हा सल्ला मला पटत नाही. फार भरड दळणाची कॉफी चार मिनिटांत अर्धीकच्ची राहते. उपम्याच्या रव्यापेक्षा किंचित बारीक दळा, वेळ जास्त द्या आणि जाळी तळापर्यंत न रेटता पाण्याच्या पृष्ठभागाखाली टेकवून ओता. जाळी खाली नेताना हाताला जोर लागला तर थांबा. बारीक पुडीने जाळी अडली की गरम कॉफी बाजूने उसळते आणि भाजतं.

कोल्ड ब्रूला १०० ग्रॅम भरड पूड, ८०० मिली पाणी, फ्रीजमध्ये बारा ते अठरा तास. बारीक दळणाने चव फार बिघडत नाही, गाळताना मात्र जीव जातो. मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळा.

जायफळ-वेलची घातलेली दुधाची उकळलेली कॉफी अनेक मराठी घरांत अजून होते. ती चहाच्या गाळणीतून गाळतात, आणि फिल्टरची पूड त्या जाळीतून सरळ कपात उतरते. त्या कॉफीला फ्रेंच प्रेसचं दळण घ्या. पूड दुधात न घालता आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळा, मग दूध घाला.

आपल्या घरचं दळण पकडायचं कसं

ग्रॅममध्ये मोजणारा काटा हवा, फोनमधलं घड्याळ हवं. पूड, पाणी आणि ओतण्याची रीत ठरवून टाका. त्यांना आता हात लावायचा नाही, बदलायचं ते फक्त दळण.

ग्राइंडरची चकती पूर्ण बंद करा, म्हणजे दाते एकमेकांना टेकतील तिथवर. आत बिया नसताना आणि हलक्या हाताने. तो शून्य. तिथून क्लिक मोजत उघडायचं. एका कंपनीचे वीस क्लिक आणि दुसऱ्या कंपनीचे वीस यांचा काही संबंध नसतो, त्यामुळे मित्राचा आकडा उचलू नका. विजेवरच्या ग्राइंडरमध्ये दळण बारीक करायचं तर मोटर चालू ठेवून करा, नाहीतर दाण्यांत दाते अडकतात.

पहिल्याच दिवशी एक-एक क्लिकने सरकत बसू नका. मुद्दाम दोन टोकं गाठा: एक कप इतका भरड दळणाचा की उघड आंबट लागावा, दुसरा इतका बारीक की उघड कडू लागावा. दोन्ही चवी जिभेला एकदा कळल्या की मधली जागा आपोआप सापडते. चव घेताना दूध-साखर नको, आणि कॉफी कोमट होऊ द्या. चटका बसणाऱ्या कॉफीत फारसं काही कळत नाही. डिकॉक्शनची चव घेताना एक चमचा डिकॉक्शन दोन चमचे गरम पाण्यात मिसळा.

कॉफी एकाच वेळी आंबटही लागते आणि कडूही? मग आकार नव्हे, दळणाची असमानता हे दुखणं आहे. धूळ जास्त उतरते, खडे कच्चे राहतात. मिक्सरच्या पुडीचं हेच होतं, कारण पातं दळत नाही, तोडतं. तरी मिक्सरच असेल तर चटणीचं छोटं भांडं घ्या आणि आधी मूठभर तांदूळ फिरवून मसाल्याचा वास काढा. तीस ग्रॅम बिया घाला, बटण उलट्या बाजूला दोन-दोन सेकंद फिरवा आणि प्रत्येक वेळी भांडं हलवा. सलग फिरवलं तर पूड तापते आणि सुगंध स्वयंपाकघरातच उडून जातो. मग मैद्याच्या चाळणीतून चाळा. खाली पडलेली बारीक पूड फिल्टरला, वर राहिलेली भरड फ्रेंच प्रेसला किंवा कोल्ड ब्रूला. मिक्सरच्या पुडीची व्ही६० मात्र करायला जाऊ नका. हाताने फिरवायचा, दातेरी चकत्यांचा साधा ग्राइंडर काही हजारांत मिळतो आणि कपात जितका फरक पाडतो तितका दुसरी कोणतीच खरेदी पाडत नाही.

विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात दळलेली पूड ग्राइंडरला आणि डब्याला चिकटते, ती स्थिर विजेने. दळण्यापूर्वी चमच्याचं ओलं टोक बियांत फिरवा, पाण्याचा एखादा थेंब पुरतो. २०२३ साली अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ज्वालामुखीतज्ज्ञांच्या मदतीने हे तपासून छापलं आहे: थोड्या पाण्याने स्थिर वीज आणि गुठळ्या कमी होतात. कोकणात पावसाळ्यात दुखणं उलटं. तिथे पूड दमट होते, म्हणून बिया घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या आणि लागतील तेवढ्याच दळायच्या. डबा फ्रीजरमधून काढला असेल तर खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

काळपट भाजणीच्या बिया ठिसूळ असतात, धूळ जास्त करतात आणि लवकर उतरतात. त्यांना नेहमीपेक्षा एक-दोन क्लिक भरड. फिकट भाजणीच्या बिया कडक असतात, त्यांना तितकंच बारीक. नवं पाकीट फोडलं की जुना आकडा फक्त सुरुवातीला धरायचा. ग्राइंडरवर पट्टी चिकटवून पेन्सिलीने लिहा: बियांचं नाव, भांडं, क्लिक, लागलेला वेळ. पेनाने नको, पाकीट संपेपर्यंत आकडा दोनदा तरी खोडावा लागतो.